दार उघडे कोणी ठेवले?

वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजधानी म्हटली की वेस आली, वेशीला दार आले. आज बोलायचे आहे ते दार मात्र डोळ्यांना दिसत नाही.

एका संगणकावर बसून दूरच्या संगणकात शिरायची सोय म्हणजे टेलनेट. तिची सुरुवात १९६९ ची, अमेरिकेतल्या अर्पानेटवरची. तेव्हा जाळ्यावर मोजक्याच संस्था, बहुतेक एकमेकांच्या ओळखीच्या. त्यामुळे पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा गेला तरी कुणाला भीती वाटत नसे. पुढे जाळे वाढले, ओळख संपली, पण दार तसेच राहिले. कित्येक युनिक्स संगणक टेलनेट चालू ठेवूनच ग्राहकाच्या हाती येत.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून जाणारे पासवर्ड चोरले गेले. तेव्हा तिथल्याच तातू यलोनेन यांनी सगळे संभाषण सांकेतिक करणारे एसएसएच लिहिले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट लोकांसाठी खुले केले. म्हणजे जाळे आणि कुलूप एकाच वर्षी हाताशी आले. तरी जून १९९८ मध्ये, पोखरणच्या चाचण्यांनंतर, मिलवर्म नावाच्या गटाने तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून ईमेल पळवलेच. पुढच्याच महिन्यात, १ जुलैला, अकोल्यातून आपला जिल्हा वेगळा झाला.

आता तुम्ही म्हणाल, सर, जाणकार माणूस अकोल्याला नाहीतर मुंबईला. रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या कचेरीतला संगणक अडला, तर त्याने तिथूनच सुधारायला नको का? हवेच. पण दुरून येण्याची सोय वेगळी आणि ती असुरक्षित असणे वेगळे. एसएसएचने पहिले मिळते, दुसरे टळते.

आणि खरा प्रश्न नीतीचा आहे. ज्याला टेलनेट लागते, त्याला ते चालू करता येते. ज्याला ते असल्याचेच माहीत नाही, तो बंद काय करणार? २०१६ साली मिराईने असेच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले: टेलनेट चालू, पासवर्ड कारखान्यातलाच. मालकांना पत्ताही नव्हता.

तेव्हा ‘आधीपासून चालू’ ही तटस्थ स्थिती नव्हे. तो न विचारता दुसऱ्यासाठी घेतलेला निर्णय आहे. जुन्या वाड्यांत मोठा दरवाजा बंद असे आणि येणाऱ्यासाठी दिंडी उघडत. आत कोण आले, हे घरच्यांना कळे. संगणक बनवणाऱ्याकडून मागायचे ते एवढेच.