नार्डचं गोत्र

जगातलं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं आणि ते रचलं लिव्हरपूलच्या आर्थर विननं, एवढं कोडी सोडवणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. उत्तरं कोण वाचतो? मी वाचली. ‘डव्ह’ हा शब्द चक्क दोनदा आलाय. गोमुती ताडाच्या धाग्याला ‘डो’ म्हणतात, हे कुठल्या वाचकाला येणार होतं देव जाणे. आणि एका जागी ‘सुवासिक वनस्पती’, उत्तर नार्ड.

नार्ड म्हणजे आपली जटामांसी. केसांच्या तेलात घालायला काष्ठौषधीच्या दुकानातून आणतो ती.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये ग्रीक ‘नार्डोस’मधून. इथवर भांडण नाही. लॅव्हेंडरलाही पूर्वी नार्ड म्हणत, म्हणून लॅव्हेंडरवर लिहिणारे लोक ‘नार्डोस’चं मूळ युफ्रेटिसकाठच्या नार्दा नावाच्या गावात शोधतात. मला ही निव्वळ नामसाधर्म्याची करामत वाटते. जटामांसी उगवते हिमालयात. नाव तिच्या वाटेवरच्या गावाचं कशाला लागेल? दुसरा पक्ष तगडा आहे. हिब्रूत ‘नेर्द’ आहे, अक्कडियनमध्ये ‘लार्दु’ नावाची वनस्पती आहे, म्हणून शब्द सेमिटिक. पण माल तिकडे गेला तो इथून. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापाराच्या वाटाड्या-ग्रंथात भडोचहून नार्ड निर्यात होत असल्याची नोंद आहे. मालाबरोबर नावही जातं. ते नाव संस्कृत ‘नलद’. अथर्ववेदातल्या एका वशीकरणाच्या सूक्तात ते आहे. वाटेत इराण लागतो, आणि जुन्या इराणी भाषांत ‘ल’चा ‘र’ होतो. नलदचा नरद, नरदचा नार्द. ‘लार्दु’तला सुरुवातीचा ‘ल’ मला अजून छळतो, पण न-लची अदलाबदल आपल्याकडेही चालतेच: ‘लिंब’ आणि ‘निंब’ पाहा.

खरी अडचण घरचीच आहे. अमरकोश ‘नलद’ वाळ्याच्या नावांत घालतो. वैद्य दोन्ही अर्थ देतात. माझ्या मते आधी जटामांसी, मग वासाच्या मुळ्या म्हणून वाळा.

इंग्रजी कोड्यात नार्डला चार चौकोन लागतात. मराठी कोड्यात ज, टा, मां, सी: तेवढेच.