तिसरी वाट

गेल्या आठवड्यात नातीने फोनवर गोष्ट मागितली. नेहमीच्या गोष्टी संपल्या होत्या, म्हणून तिला स्कॉटलंडच्या टॉमसची सांगितली.

एलडनच्या टेकड्यांजवळ टॉमस झाडाखाली पहुडलेला असतो. हिरव्या वस्त्रातली एक स्त्री घोड्यावरून येते. घोड्याच्या आयाळीला चांदीच्या घंटा. टॉमसला वाटते, ही मेरीमाताच! ती म्हणते, नव्हे, मी पऱ्यांची राणी. मग ती त्याला तीन वाटा दाखवते. काट्यांनी भरलेली अरुंद वाट पुण्याची, फुलांतून जाणारी रुंद वाट पापाची आणि डोंगरउतारावरून वळत जाणारी तिसरी, पऱ्यांच्या देशाची. सात वर्षांनी टॉमस परततो, तो खोटे न बोलणारी जीभ घेऊन. या देणगीवर त्याची तक्रार अशी, की आता बाजारात सौदा कसा करू!

"आजोबा, राणीने बोलावलं आणि कुणी नाहीच म्हटलं तर?" नातीने विचारले. मला लगेच उत्तर सुचले नाही.

हा टॉमस खरा माणूस. एर्सिल्डूनचा, म्हणजे आजच्या अर्लस्टनचा. तेराव्या शतकातल्या एका दस्तावर साक्षीदार म्हणून त्याचे नाव आहे. गाणे मात्र आपल्यापर्यंत आले ते बायकांच्या तोंडून. ॲबर्डीनच्या एका प्राध्यापकाची मुलगी ॲना गॉर्डन हिने लहानपणी मावशी, आई आणि घरातल्या मोलकरणीकडून अशी कितीतरी गाणी ऐकली होती. तिच्याकडून मिळालेले टॉमसचे गाणे वॉल्टर स्कॉटने १८०२ साली आपल्या संग्रहात छापले.

फोन ठेवल्यावर मला बेसी डनलॉप आठवली. ही एअरशायरमधली शेतकरी बाई. नुकतीच बाळंत झालेली, गाय मेलेली, नवरा आणि तान्हे मूल आजारी. रडत गुरे हाकताना तिला टॉम रीड भेटला. हा टॉम १५४७ च्या पिंकीच्या लढाईतच मेलेला! त्याने सांगितले, मूल जाईल, पण नवरा वाचेल. पुढे तो तिला औषधे सांगू लागला, हरवलेल्या वस्तूंचा पत्ता देऊ लागला. एकदा त्याने पऱ्यांच्या दरबारातली बारा माणसे तिला दाखवली. त्यांनी विचारले, आमच्याबरोबर येतेस? ती गेली नाही. टॉमला तिने सांगितले, नवरा आणि मुले सोडून मी येणार नाही.

हे सारे आपल्याला कळते ते गाण्यातून नव्हे, न्यायालयाच्या दप्तरातून. १५७६ साली तिच्यावर चेटकाचा खटला झाला. निकालाची नोंद त्रोटक आहे: दोषी ठरवून जाळण्यात आली.

टॉमस राणीबरोबर गेला आणि त्याचे गाणे झाले. बेसी गेली नाही, तरी तिची राख झाली. असे का व्हावे? १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली, १५६३ मध्ये चेटकाविरुद्ध कायदा आला. देवाचे नाही ते सैतानाचे, असा हिशेब सुरू झाला. लोकांच्या मनात पऱ्या या दोहोंच्या मधे कुठेतरी राहत होत्या. न्यायाधीशांच्या नकाशात ती तिसरी वाटच नव्हती. बेसी बिचारी प्रामाणिकपणे तीच वाट सांगत राहिली.

तो कायदा १७३६ साली रद्द झाला. तोवर सुमारे ३,८०० जणांवर आरोप झाले होते, त्यांत बहुसंख्य बायका. ८ मार्च २०२२ रोजी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी त्या सर्वांची औपचारिक माफी मागितली. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे, की लोकांचा विश्वास चूक की बरोबर हे नंतर बघा, त्या विश्वासाचे राज्यकर्त्यांनी काय केले ते आधी बघा. असो.

काल नातीचा पुन्हा फोन आला. तिला सांगितले, बेसी नावाची एक बाई नाही म्हणाली, कारण घरी तिची मुले होती.

"बरं केलं तिने," नात म्हणाली.

पुढचे तिला सांगितले नाही. ती थोडी मोठी झाली की सांगेन.