श्रीलंकेतील यादवी युद्धाची समाप्ती आणि समेटाचे आव्हान : बेपत्ता व्यक्तींच्या प्रश्नाच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

मे २००९ मध्ये नंदिकडल खाजणाच्या परिसरात लिट्टेचा प्रमुख वेलुपिल्लई प्रभाकरन मारला गेला आणि श्रीलंकेतील सुमारे २६ वर्षांचे यादवी युद्ध संपले. १९ मे रोजी अध्यक्ष महिंद राजपक्षे यांनी संसदेत विजयाची घोषणा केली. यापुढे देशात अल्पसंख्य कोणी नसेल, देशावर प्रेम करणारे आणि न करणारे असे दोनच वर्ग असतील, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. वरकरणी उदार वाटणाऱ्या या भूमिकेत संघर्षाचे मूळ कारणच नाकारले गेले होते. युद्ध संपणे आणि समाजात समेट होणे यांतील अंतर बेपत्ता व्यक्तींच्या प्रश्नाच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

संघर्षाची पार्श्वभूमी :

१९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवर राबणाऱ्या लाखो तमिळ मजुरांना नागरिकत्व नाकारले. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. १९५७ चा बंडारनायके-चेल्वनायकम करार तमिळांना काही अंशी प्रादेशिक स्वायत्तता देणारा होता. तथापि विरोधामुळे तो वर्षभरातच रद्द झाला. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. जुलै १९८३ मध्ये लिट्टेच्या हल्ल्यात १३ सैनिक ठार झाल्यानंतर कोलंबो व अन्यत्र तमिळांचे शिरकाण झाले आणि संघर्षाने युद्धाचे रूप घेतले.

या इतिहासात केवळ राज्यसंस्था दोषी ठरत नाही. लिट्टेने १९८९ मध्ये नेमस्त तमिळ नेते अमृतलिंगम यांची हत्या केली, १९९० मध्ये उत्तरेतील हजारो मुस्लिमांना घरादारासह हुसकावून लावले आणि लहान मुलांना सैन्यात ओढले.

बेपत्ता व्यक्ती आणि अपुरे प्रयत्न :

युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मृत्युमुखी पडले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये वर्तविली. शासनाने ती नाकारली. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे १६ हजारांहून अधिक बेपत्ता व्यक्तींची नोंद होती आणि त्यांत ५ हजारांहून अधिक सुरक्षा दलांतील होते. म्हणजेच सिंहली सैनिकाची माता आणि तमिळ युवकाची माता एकाच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत होत्या.

हा प्रश्न केवळ भावनिक नाही. मृत्यूचा दाखला नसल्याने बँकेतील ठेव मिळत नाही, जमीन वारसांच्या नावावर होत नाही. दाखला घेतला तर शोध संपल्याचे मान्य करावे लागते. २०१६ च्या दुरुस्तीने ‘अनुपस्थितीचा दाखला’ देण्याची सोय झाली. त्याच वर्षी बेपत्ता व्यक्ती कार्यालयाचा कायदा संमत झाला. परंतु त्याचे सदस्य २०१८ मध्ये नेमले गेले. दरम्यान फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्ची येथे बेपत्तांच्या माता रस्त्यालगत धरणे धरून बसल्या. २०१५ मध्ये मानवी हक्क परिषदेच्या ज्या ठरावाला श्रीलंकेने सहप्रायोजकत्व दिले होते, त्यातून ती २०२० मध्ये बाहेर पडली. जानेवारी २०२१ मध्ये जाफना विद्यापीठातील मुळ्ळिवाय्क्काल स्मारक पाडले गेले. शोधाबरोबरच शोक करण्याचा अधिकारही वादग्रस्त ठरला.

दक्षिणेचा विसरलेला अनुभव :

हा प्रश्न उत्तरेपुरता मर्यादित नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. १९८७ ते १९८९ या काळात जनता विमुक्ती पेरमुनाच्या दुसऱ्या उठावात व त्याच्या दडपणुकीत दक्षिणेतील हजारो सिंहली तरुण नाहीसे झाले. त्यांच्या मातांनी ‘मातृ आघाडी’ उभारली. १९९० मध्ये विरोधी पक्षात असताना हा प्रश्न जिनिव्हापर्यंत नेण्यात महिंद राजपक्षे यांचाच पुढाकार होता. सत्तेवर आल्यानंतर मात्र हाच मार्ग देशविरोधी ठरविण्यात आला. बेपत्तांविषयीची सहानुभूती वंशाच्या आणि सत्तेच्या सीमेवर थांबली, हे यावरून स्पष्ट होते.

१८ मे २०२२ रोजी कोलंबोतील गॉल फेसच्या आंदोलनात सिंहली नागरिकांनीही मुळ्ळिवाय्क्कालच्या मृतांचे स्मरण केले. सप्टेंबर २०२४ मध्ये पेरमुनाचेच नेते अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाले आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीने जाफना जिल्ह्यातही यश मिळविले. २०२५ मध्ये जाफन्यानजीकच्या चेम्मणी येथील उत्खननात २०० हून अधिक सांगाडे सापडले. ज्या पक्षाचे स्वतःचे कार्यकर्ते नाहीसे झाले, त्याच्या शासनापुढे आता उत्तरेतील बेपत्तांचा प्रश्न उभा आहे.

समारोप :

विजयाने शस्त्रे शांत होतात; परंतु हरवलेल्यांचा हिशेब दिल्याशिवाय समेट होत नाही. श्रीलंकेत आयोग व कायदे यांची वाण नव्हती, उणीव होती ती सत्य सांगण्याच्या इच्छेची. तमिळ, सिंहली व मुस्लिम या तिन्ही समाजांच्या दुःखाची समान नोंद घेणे आणि सांगाड्यांना नावे मिळवून देणे, ही समेटाची पहिली पायरी ठरते. तोपर्यंत २००९ हे युद्धसमाप्तीचे वर्ष राहील. शांततेच्या आरंभाचे वर्ष म्हणून त्याची नोंद करणे घाईचे होईल.