वकिलीची सनद आणि गाण्याची वही

मंडळी, मुलगा गाण्याकडे वळला की घरात ठरलेले वाक्य येते, “अरे, आधी कॉलेज तरी पुरे कर!” यावर डबलबारीला बसणारा एखादा भजनीबुवा हसून विचारील, कॉलेजचा गाण्याला उपयोग तो काय? त्याचे म्हणणे अगदीच फोल नाही. आपल्या कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याचे वसंत देसाई कोवळ्या वयात प्रभात कंपनीत शिरले नि तिथेच काम करता करता संगीतकार झाले. पण विष्णु नारायण भातखंडे यांची गोष्ट निराळी, आणि शिक्षकबंधूंनी ती जरूर ऐकावी.

भातखंड्यांचा जन्म १८६० सालचा, मुंबईत वाळकेश्वरचा. मुंबई विद्यापीठाचे ते १८८५ साली बी. ए. व १८८७ साली एल्‌एल्. बी. झाले. वकिली चालली होती, पण मन ध्रुपदात. पत्नी व कन्या यांच्या निधनानंतर ती वकिलीही पुढे सुटली.

वकिलाने साक्षीदाराला विचारावे तसे ते गावोगावच्या उस्तादांना विचारीत हिंडले. हा स्वर इथे का? ही चीज कुणाची? चीज म्हणजे त्या काळी घराण्यातला दागिनाच, तो परक्याला कोण दाखवणार? तरी जयपूरचे महंमद अली खाँ यांच्यासारख्यांकडून त्यांनी शेकडो चिजा मिळवल्या. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत अशा १८०० हून अधिक चिजा आहेत.

त्या लिहिण्याची रीत तर बघा किती सोपी! कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्राचे टिंब खाली, तार स्वराचे वर. समेला फुली, खालीला शून्य. खडू नि फळा असला की खेड्यातल्या शाळेतही भूपाची सरगम मांडता येते. रागांचा विचार त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’च्या चार भागांत केला, तोही मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून.

हे सारे निर्दोष होते असे मात्र नव्हे. काही राग त्यांच्या दहा थाटांत नीट बसत नाहीत, आणि ज्यांच्याकडून चिजा घेतल्या त्या उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी ते जरा कठोरच बोलत. मला हे खटकते. मींड नि आंदोलन कागदावर किती उतरणार?

१९२६ साली लखनौला त्यांच्या खटपटीने मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले, ज्याचे पुढे त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर मुंबईत बी. ए. झाले आणि दोन वर्षांनी त्या महाविद्यालयाचे प्राचार्य. पण या पदवीधर शिष्यालाही नुसत्या वहीवर कुणी गवई केले नव्हते. कॉलेजपूर्वी तो काही वर्षे बडोद्याला फैयाज खाँसाहेबांपुढे तंबोरा घेऊन बसला होता, आणि त्याला तिकडे धाडणारे होते स्वतः भातखंडे.