काचेच्या पेटीतला समुद्र

समुद्रावर गेलेले मूल हटकून एक उद्योग करते. खडकातल्या डबक्यातला इवलासा मासा बाटलीत घालून घरी आणते. सकाळी पाहावे तो मासा उलटा तरंगतो आहे! पाणी तर समुद्राचेच होते, मग चुकले कुठे? या साध्या प्रश्नाचे पुरते उत्तर हाती यायला माणसाला शंभरावर वर्षे लागली. तीच हकीकत आपणांस थोडक्यात सांगायची आहे.

१८४६ साली इंग्लंडात टॉर्की या समुद्रकाठच्या गावी ॲना थिन नावाच्या बाईंना जिवंत प्रवाळ सापडले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी. बाईंनी ते प्रवाळ सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचले आणि बरणीत घालून थेट लंडनला नेले. आता लंडनात रोज समुद्राचे ताजे पाणी आणायचे कुठून? मग घरच्या मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. पुढल्या साली बाईंनी त्यात समुद्रशेवाळ सोडले. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले. मोठमोठ्या पंडितांना न जमलेले काम एका गृहिणीने आणि तिच्या मोलकरणीने करून दाखवले!

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून जीवाजीवांतली ही देवघेव समजावून दिली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. लगेच पुढच्या वर्षी फिलिप गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि घरोघर पेट्यांचे वेडच लागले. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचली होती. मग काय, लोक हातोड्या नि बरण्या घेऊन समुद्रावर धावले. खडकांतली सुंदर डबकी ओरबाडली गेली. आपल्या वडिलांच्या प्रेमळ लेखणीतूनच हा नाश ओढवला, ही खंत त्यांचा मुलगा एडमंड गॉस यांनी १९०७ साली लिहून ठेवली आहे.

आणि एवढे करून त्या पेट्यांतले जीव बहुधा मरतच. कारण डोळ्यांना दिसत नव्हते. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. नव्या पेटीत पाणी असते, पण हे जंतू नसतात. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली रीत छापून प्रसिद्ध केली: समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्या छिद्राछिद्रांतून जंतू नि बारीक जीव नांदतात असे दगड, पेटीत रचायचे आणि हवेचे थोडे बुडबुडे सोडायचे. बस्स. दगडच पाणी राखतो!

म्हणून नवी पेटी मांडाल तर घाई नको. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५-२६ अंश उष्णता, आत दगड. आणि मासा न सोडता चार-सहा आठवडे नुसती वाट पाहायची. रिकामी दिसते ती पेटी, पण खरे काम तेव्हाच चाललेले असते.

आपल्याकडेही १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्र न पाहिलेल्या कितीतरी मुलांनी तो तिथे काचेतून पाहिला. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास तर पाण्याखाली खरे प्रवाळ आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली २००१ सालापासून खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळांना संरक्षण आहे; ते तोडणे हा गुन्हा. पण कायदा बाजूला ठेवा. एका पेटीतला समुद्र जगवायला माणसाला किती सायास पडले ते आपण पाहिलेच. मग जो आपोआप जगतो आहे, त्याला हात लावण्यापूर्वी थोडा विचार नको का करायला?