दिवाडी बेटाचे जेवण : खाजनातून ताटात

जुने गोवेच्या समोर, मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट वसले आहे. तेथे जाण्याची वाट फेरीबोटीची. जुने गोवे, रायबंदर किंवा उत्तरेकडील नार्वे येथून ती मिळते. हिरवी शेते, खारफुटी आणि टेकडीवरील पिएदाद चर्च पाहण्यासाठी पर्यटक येतात, आणि जुन्या घरांतून उभी राहिलेली अतिथिगृहे त्यांना ‘अस्सल गोमंतकीय’ जेवण देऊ करतात. हे अस्सलपण मुळात खाजनात आहे.

खाजन म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधातील दाराला ‘मानस’ म्हणतात. भरतीचा दाब आला की त्याची झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतले पाणी बाहेर जाते. पावसाळ्यात येथे कोरगूट हा खारेपणा सोसणारा भात पिकतो. कापणीनंतर खारे पाणी आत घेतले की त्याच जमिनीत सुंगटे, शेवटे, काळुंद्र वाढतात. एकच शेत भात आणि आमटी दोन्ही पुरवते. बांध फुटला आणि दुरुस्ती राहिली, तर दोन्ही एकदम जातात. पडीक खाजनाचे दुःख म्हणूनच स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते.

बेटावर चुली दोन परंपरांच्या आहेत. हिंदू घरांत आंबटपणा कोकमसोलांचा, ख्रिस्ती घरांत बहुधा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरचा. ओला नारळ, उकडा तांदूळ आणि पोर्तुगीज काळात आलेली मिरची मात्र दोघांचीही. बांगड्याच्या हुमणात तिरफळ किंचित ठेचून घालतात, वाटणात मिसळत नाहीत. वाटले तर कडवटपणा उतरतो. अशा हुमणात सहसा कांदाही नसतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मात्र एकच कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सगळ्या माशांना लावण्याचा मोह होतो, आणि तेथेच चव हरवते. रेशाद मसाला व शाकुती यांनी पाटी सजते. पेज, खतखते, आळसांद्यांचे तोंडाक यांना तिच्यावर क्वचितच जागा मिळते. पाहुण्याने ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे, कारण अनेक भाज्यांचे खतखते ऐनवेळी होत नाही.

ऋतूचेही भान हवे. बेट सर्वांत देखणे दिसते ते पावसात. पण १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातील यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताज्या इसवणाचा हट्ट धरणाऱ्याच्या ताटात बहुधा बर्फातला मासा येतो. बेटावरील घरे तेव्हा सुक्या सुंगटांचे किसमूर करतात : सुंगटे भाजून, ओले खोबरे, कांदा, मिरची व कोकम घालून कालवलेले. सोबत गरम उकडा भात आणि कडी.