वॉरगेमसाठी अख्खं विमान घरी बनवायचं, तर सुरुवात 'हॉर्सा'पासून का करावी?

तारीख ६ जून १९४४. रात्रीचे १२ वाजून १६ मिनिटं झाली होती. फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या बेनुव्हिल गावाजवळ एक विमान अंधारात खाली आलं. इंजिनाचा आवाज नाही, कारण त्याला इंजिनच नव्हतं. ते 'एअरस्पीड हॉर्सा' नावाचं लाकडी ग्लायडर होतं. हॅलिफॅक्स बॉम्बरने दोरीने ओढत आणलं आणि वरून सोडून दिलं. मेजर जॉन हॉवर्ड यांचे ब्रिटिश सैनिक त्यातून बाहेर पडले आणि जेमतेम १० मिनिटांत त्यांनी कालव्यावरचा पूल ताब्यात घेतला. तोच आजचा 'पेगासस ब्रिज'.

आता हा प्रसंग टेबलावर खेळायचा म्हटलं तर काय काय लागेल?

पूल लागेल, छोटे सैनिक लागतील आणि ते ग्लायडर लागेल. इथेच गाडी अडते.

आधी खेळाबद्दल थोडं. टेबलटॉप वॉरगेमिंग म्हणजे छोटे पुतळे, मोजपट्टी आणि फासे घेऊन खेळलेली लढाई. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्येच 'लिटल वॉर्स' हे अशा खेळाच्या नियमांचं पुस्तक लिहिलं होतं. आज दुसऱ्या महायुद्धासाठी 'बोल्ट ॲक्शन' हा लोकप्रिय खेळ आहे, तो २०१२ मध्ये आला. त्यातले सैनिक असतात २८ मिलिमीटरचे. ही उंची तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात, म्हणजे माप साधारण १:५६ होतं. खऱ्या वस्तूचे ५६ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे तुमचं मॉडेल.

हॉर्साची तयार प्लास्टिक किट इटालेरी कंपनीने काढली, पण ती १:७२ मापाची. २८ मिलिमीटरचा सैनिक तिच्या दारापाशी उभा केला की हा बाबा आत शिरणार कसा, असा प्रश्न पडतो. किट कापून, भाग जोडून बदल करायला 'कन्व्हर्जन' म्हणतात. पण मापच चुकलं असेल तर कन्व्हर्जन किती करणार? चाकं, छोटे तुकडे वापरता येतात, बस. म्हणून मग 'स्क्रॅच-बिल्ड', म्हणजे किटशिवाय पुठ्ठ्यापासून सगळं स्वतः बनवायचं.

गणित बघा. खऱ्या हॉर्साच्या पंखांचा विस्तार ८८ फूट, लांबी ६७ फूट. १:५६ मध्ये पंख भरतात ४८ सेंटिमीटर आणि लांबी साडेछत्तीस. कॅरम बोर्डाची खेळायची जागा ७४ सेंटिमीटरची असते. म्हणजे पंख तिच्या जवळपास दोन तृतीयांश. काही जण विमानं १:४८ मापाची घेतात, कारण पुतळे बेसवर उभे असल्याने थोडे मोठे दिसतात. गाड्यांना ते शोभतं. पण इथे पंख ५६ सेंटिमीटरचे होतात आणि खेळायचं टेबल असतं ६ बाय ४ फुटांचं. माझं मत १:५६ लाच.

आणि एक गंमत. अशा खेळांत अंतरं नेहमी आखडलेली असतात. 'बोल्ट ॲक्शन'मध्ये रायफलचा पल्ला २४ इंच, म्हणजे मापाने जेमतेम ३४ मीटर. खरी रायफल शेकडो मीटर मारते. पण पहिलं हॉर्सा पुलापासून सुमारे ४७ यार्डांवर थांबलं होतं. ५६ ने भागलं तर ७७ सेंटिमीटर. हे अंतर आहे तसं टेबलावर मावतं! मात्र कालव्याच्या पुलापाशी तीन ग्लायडर उतरली होती. तिन्ही शेजारी ठेवली तर पंखांनीच १४४ सेंटिमीटर खाल्ले, सैनिक चालवायचे कुठे? त्यामुळे एक पूर्ण बनवावं, फार तर दुसरं अर्धवट.

हॉर्सा निवडायचं खरं कारण त्याच्या बांधणीत आहे. ते बनवायला लंडनच्या हॅरिस लेबससारख्या फर्निचर कंपन्या कामाला लागल्या होत्या. अंगावर प्लायवूड, म्हणजे धातूच्या विमानासारख्या रिव्हेटच्या रांगा कोरायची कटकट नाही. शिवाय धड गोल. ड्रॉइंगवर व्यास मोजा, ५६ ने भागा आणि त्याच्या जवळपासची पुठ्ठ्याची नळी शोधा. किचन टॉवेलच्या रोलमधली बघा, नाहीतर कापड दुकानात ताग्याची मागा. शेपटीकडे नळी निमुळती करायला लांब पाचरी कापून कडा जोडायच्या आणि वर कागदाच्या पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवायच्या.

पंखांना ३ मिलिमीटरचा सनबोर्ड बरा. आत छत्रीची तार घाला, नाहीतर महिन्याभरात पंख वाकतात. तार धडातून आरपार गेली तर पंख काढता-घालता येतात. ही सोय सुरुवातीलाच करा, कारण ४८ सेंटिमीटरचं विमान कपाटात जात नाही. थर्माकोल वापरणार असाल तर सावध! फेव्हिक्विक आणि स्प्रे पेंट दोन्ही त्याला विरघळवतात. शाळेच्या एका प्रोजेक्टवर मी उत्साहात सोनेरी स्प्रे मारला होता, किल्ल्याचा बुरूज डोळ्यांदेखत खचला. आधी फेव्हिकॉलचे दोन हात द्यावेत. सनबोर्ड मात्र लायटरने वाकवू नका, तो पीव्हीसीचा असतो आणि त्याचा धूर घातक.

आता सगळ्यात अवघड निर्णय. छत उघडणारं करायचं का? खेळणाऱ्याला वाटतं, सैनिक आत बसवू आणि एकेक बाहेर काढू. पण प्रत्येक पुतळ्याखाली २५ मिलिमीटरची चकती असते. आत २५ सेंटिमीटर मोकळी लांबी मिळाली, तरी एका रांगेत दहाच मावतात. खऱ्या हॉर्सात दोन वैमानिक आणि पंचवीसहून जास्त सैनिक असायचे. म्हणजे पूर्ण तुकडी आत बसणारच नाही. त्यापेक्षा धड बंद ठेवा, दार तेवढं उघडं दाखवा आणि पुतळे दाराबाहेर मांडा. मॉडेल मजबूतही राहतं.

उडतं विमान टेबलावर दाखवायला स्टँड लागतो आणि इतकं मोठं मॉडेल हात लागला की कलंडतं. ग्लायडरला ही भानगड नाही, खेळ सुरू होतो तेव्हा ते जमिनीवरच असतं. तेही फुटलेलं. पहिल्या ग्लायडरचं नाक चेपलं आणि वैमानिक काचेतून बाहेर फेकला गेला. त्यामुळे काचेचं गुळगुळीत नाक बनवायची गरज नाही, गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक चुरगाळून लावा. नवख्याच्या वाकड्या कापणीलाही इथे माफी आहे.

फक्त तिसऱ्या ग्लायडरचं ध्यानात असू द्या. ते तळ्याच्या काठी फुटलं आणि आतला एक सैनिक पाण्यात बुडून गेला. काही जण ते तळंही टेबलावर दाखवतात. मला तेवढं करायला जड जातं, ज्याचं त्याने ठरवावं.

रंगात वरची बाजू गडद हिरवी आणि मातकट तपकिरी, पोट काळं. नॉर्मंडीच्या उतरणीसाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे ओढले होते. ते घाईत, ब्रशने मारलेले होते, तेव्हा मास्किंग टेप लावून फार सरळ काढू नका.

खरं माप डोळ्यांनी बघायचं असेल तर रॅनव्हिलच्या पेगासस मेमोरियल संग्रहालयात पूर्ण आकाराचं हॉर्सा बांधून ठेवलंय. १९४४ चा मूळ पूलही तिथेच आहे.